क्रमवारीतल्या दोनशेव्या खेळाडूचा प्रश्न

२०२५ च्या जुलैमध्ये वॉशिंग्टनच्या स्पर्धेत व्हीनस विल्यम्स सोळा महिन्यांच्या खंडानंतर एकेरीचा सामना खेळली आणि जिंकलीही. तेव्हा तिचे वय ४५ होते. सामना संपल्यावर कोर्टवरच झालेल्या मुलाखतीत तिने हसत हसत सांगितले, की आरोग्यविम्याचे लाभ टिकवायचे तर परत येणे भागच होते, कारण आपल्याला सारखे डॉक्टरांकडे जावे लागते. प्रेक्षकही मनमुराद हसले. एकेरीची सात ग्रँड स्लॅम विजेतेपदे आणि कारकिर्दीत चार कोटी डॉलरहून अधिक बक्षीस रक्कम मिळवलेल्या खेळाडूने असे म्हटले की ते विनोदातच घ्यायचे असते, आणि तिनेही ते त्याच सुरात म्हटले होते. मात्र विनोद वजा केल्यावर जे उरते ते खरे आहे. व्यावसायिक टेनिसपटू कोणाच्याही आस्थापनेवर नसते. ती स्वतंत्र कंत्राटदार असते. तिला मासिक वेतन नसते, अलीकडची प्रसूतीची सोय सोडली तर भरपगारी रजा नसते, आणि खेळणे थांबले की खेळाशी जोडलेल्या सोयीही एकेक करून थांबतात. व्हीनसला हे सोसण्यासारखे आहे. क्रमवारीत दोनशेव्या जागी असलेल्या खेळाडूला ते सोसत नाही, आणि महिला टेनिसविषयीच्या सार्वजनिक चर्चेत नेमकी तीच कुठे आढळत नाही.

या चर्चेचे स्वरूप गेली पन्नास वर्षे जवळजवळ ठरून गेलेले आहे. विजेत्या स्त्रीला विजेत्या पुरुषाइतके पैसे मिळावेत की नाही, स्त्रियांचा तीन सेटचा सामना आणि पुरुषांचा पाच सेटचा सामना यांना एकच मोल असावे की नाही, कोणाचे सामने जास्त पाहिले जातात, एवढ्याच परिघात ती फिरत राहते. हा प्रश्न क्षुल्लक होता असे मला म्हणायचे नाही. त्यासाठी ज्यांनी झगडा केला त्यांच्यामुळेच आज महिला टेनिस हा स्त्रियांसाठी सर्वाधिक पैसा देणारा खेळ आहे. पण चारही ग्रँड स्लॅम स्पर्धांनी समान बक्षीस रक्कम मान्य करून आता बरीच वर्षे झाली. आज विचारायला हवा तो प्रश्न निराळा आहे: एका खेळाडूच्या दहा-पंधरा वर्षांच्या कारकिर्दीत जी जोखीम असते, म्हणजे गुडघा फाटण्याची, गर्भारपणाची, एखाद्या वाईट वर्षाची, चुकीच्या देशात जन्माला येण्याची, ती कोणी उचलायची? सध्या जवळपास सगळी जोखीम खेळाडू उचलते आणि उत्पन्नाचा मोठा वाटा स्पर्धा उचलतात. ही विभागणी बदलली पाहिजे, आणि ती बदलण्याची पहिली जबाबदारी चार ग्रँड स्लॅम स्पर्धांची आहे, असे माझे मत आहे.

इतिहास थोडा आठवावा लागतो, कारण महिला टेनिसचा पैसा आला कुठून हे त्यात दिसते. १९७० साली लॉस एंजेलिसच्या पॅसिफिक साउथवेस्ट स्पर्धेत पुरुष विजेत्यासाठी १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीसाठी १,५०० डॉलर जाहीर झाले. त्याच्या निषेधार्थ बिली जीन किंगसह नऊ खेळाडूंनी टेनिसविषयक मासिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एका डॉलरचा करार केला आणि ह्यूस्टनमध्ये स्वतंत्र स्पर्धा खेळली. तिची प्रायोजक होती व्हर्जिनिया स्लिम्स ही स्त्रियांसाठी बाजारात आणलेली सिगारेट. १९७३ मध्ये महिला टेनिस संघटना स्थापन झाली आणि त्याच वर्षी अमेरिकन ओपनने समान रक्कम दिली. विंबल्डनला तेच करायला आणखी ३४ वर्षे लागली. पाच सेटचा मुद्दा काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की १९८४ ते १९९८ या काळात महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेची अंतिम लढत पाच सेटचीच असे. स्त्रियांना ते झेपत नाही हा समज टेनिसने स्वतःच खोटा ठरवला आहे.

सिगारेट गेली तरी आश्रयदात्याची गरज गेली नाही. २०१९ मध्ये वर्षअखेरची स्पर्धा चीनच्या शेन्झेनला दहा वर्षांच्या करारावर गेली आणि त्या वर्षी विजेत्या अॅश्ले बार्टीने ४४ लाख २० हजार डॉलर मिळवले. पुढे करोनाची साथ आली. मग चीनच्या माजी उपपंतप्रधानावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केल्यावर दिसेनाशी झालेली चिनी खेळाडू पेंग श्वाई हिच्या प्रकरणात, २०२१ च्या अखेरीस संघटनेने चीनमधल्या स्पर्धा स्थगित केल्या. क्रीडासंस्थांच्या दुनियेत विरळा असा हा ताठपणा होता, आणि तो महागात पडला. २०२३ मध्ये संघटना चीनमध्ये परतली. २०२४ पासून वर्षअखेरची स्पर्धा रियाधमध्ये होते आणि सौदी अरेबियाचा सार्वजनिक गुंतवणूक निधी संघटनेचा मोठा भागीदार आहे. तंबाखू कंपनी, चिनी शहर, सौदी निधी असा हा प्रवास पाहिला की नैतिक नाक मुरडण्याचा मोह होतो. मला तो फारसा उपयोगाचा वाटत नाही. ज्या नऊ जणींनी एका डॉलरवर सही केली त्यांच्यापुढे दुसरे कोणी पैसे घेऊन उभे नव्हते. मुद्दा एवढाच, की प्रत्येक आश्रयदात्याचा स्वतःचा हेतू असतो आणि तो हेतू संपला की तो निघून जातो. खेळाडूचे मूलभूत संरक्षण अशा पैशावर उभे करणे म्हणजे ते उसन्या जागेवर बांधणे होय.

आता क्रमवारीकडे वळू, कारण टेनिसपटूचे सारे आयुष्य तिच्याभोवती फिरते आणि बाहेरच्या वाचकाला तिचे यंत्र क्वचितच ठाऊक असते. महिलांची संगणकीय क्रमवारी १९७५ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचा हिशेब मागच्या ५२ आठवड्यांचा असतो. ग्रँड स्लॅम जिंकणारीला २,००० गुण, उपान्त्य फेरी गाठणारीला ७८०, पहिल्याच फेरीत हरणारीला १०. हे गुण एक वर्ष खात्यात राहतात आणि वर्ष संपले की गळून पडतात. म्हणजे गेल्या वर्षी एखाद्या स्पर्धेत उत्तम खेळलेली खेळाडू यंदा त्याच आठवड्यात तितकेच उत्तम खेळली, तर ती जिथल्या तिथे राहते. जराशी कमी पडली तर घसरते. आजारी पडली, स्नायू दुखावला, घरात कोणाचे निधन झाले, तरी संगणक थांबत नाही. खेळाडू याला गुण ‘डिफेंड’ करणे म्हणतात, आणि ज्या आठवड्यात मोठे गुण राखायचे असतात त्या आठवड्याची धास्ती त्यांना महिनाभर आधीपासून असते.

या यंत्रात एक रेषा फार महत्त्वाची आहे. ग्रँड स्लॅमच्या मुख्य फेरीत १२८ जणी असतात. त्यांतल्या १०४ जणींना क्रमवारीवरून थेट प्रवेश मिळतो, १६ जणी पात्रता फेरीतून येतात आणि आठ जणींना वाइल्ड कार्ड, म्हणजे आयोजकांनी आपल्या निवडीने दिलेला प्रवेश, मिळतो. प्रवेशयादी स्पर्धेच्या सहा आठवडे आधी ठरते. २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये मुख्य फेरीतला पहिलाच सामना हरणाऱ्या खेळाडूला १ लाख १० हजार डॉलर मिळाले आणि पात्रता फेरीतला पहिला सामना हरणाऱ्या खेळाडूला २७,५०० डॉलर. म्हणजे त्या एका सोमवारी क्रमवारीत ९८ वी असलेली आणि ११८ वी असलेली, या दोघींच्या खेळात तज्ज्ञालाही फरक सांगता येणार नाही, पण त्यांच्या उत्पन्नात चौपट फरक पडतो. अशा स्पर्धा वर्षातून चार असतात. ९८ वीला फिजिओ परवडतो, ११८ वीला त्याचा विचार करावा लागतो, आणि फिजिओ असलेली खेळाडू पुढच्या वर्षी ९८ वी राहण्याची शक्यता वाढते. गुणवत्तेचे निखळ मोजमाप म्हणून जी क्रमवारी मिरवली जाते, ती बऱ्याच अंशी आधीच्या वर्षाच्या उत्पन्नाचेही मोजमाप असते.

ती नैसर्गिक नाही, माणसांनी केलेल्या नियमांची आहे, हे विसरता कामा नये. २०२२ मध्ये विंबल्डनने रशिया आणि बेलारूसच्या खेळाडूंना मज्जाव केला. त्यावर महिलांच्या आणि पुरुषांच्या संघटनांनी त्या स्पर्धेचे गुणच रद्द केले. त्या वर्षी एलेना रिबाकिना विंबल्डनची विजेती झाली आणि तिच्या खात्यात शून्य गुण जमा झाले. ती तेविसावी होती, ती तेविसावीच राहिली. त्याच स्पर्धेत ३४ वर्षांची, दोन मुलींची आई असलेली तात्याना मारिया क्रमवारीत १०३ वी असताना उपान्त्य फेरीपर्यंत गेली. कारकिर्दीतल्या सर्वांत मोठ्या पंधरवड्याचे तिला क्रमवारीत काहीच मिळाले नाही. याच्या उलट उदाहरण मोनिका सेलेसचे. ३० एप्रिल १९९३ रोजी हॅम्बुर्गमध्ये सामना चालू असताना एका प्रेक्षकाने तिच्या पाठीत सुरा खुपसला. ती तेव्हा १९ वर्षांची होती आणि जगात पहिली होती. तिची क्रमवारी गोठवली गेली नाही. ती कोर्टवर नाही म्हणून संगणकाने तिला खाली खाली सरकवले. दोन वर्षांहून अधिक काळाने ती परतली तेव्हा मात्र संघटनेने तिला स्टेफी ग्राफबरोबर संयुक्त पहिला क्रमांक दिला. नियम अपरिहार्य असतात असे सांगणाऱ्यांसाठी हा १९९५ चा निर्णय पुरेसे उत्तर आहे.

आता या जगाचा तळ पाहू. आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या सर्वांत खालच्या स्पर्धांची एकूण बक्षीस रक्कम १५,००० डॉलर असते. मुख्य फेरीतला पहिला सामना हरणारीच्या हाती साधारण दीडशे डॉलर पडतात, आणि त्यांतूनही कर कापला जातो. कोर्टवर चेंडू उचलून देणारी मुले बहुधा नसतात, त्यामुळे दोन गुणांच्या मधल्या वेळात खेळाडू स्वतःच कुंपणापाशी जाऊन चेंडू गोळा करते. रॅकेटचे गटिंग तुटले तर ते पुन्हा करून घेण्याचे पैसे स्वतःचे. सामन्यानंतर घामाने भिजलेले कपडे हॉटेलच्या न्हाणीघरात धुवायचे, खोली प्रतिस्पर्धी खेळाडूबरोबर वाटून घ्यायची आणि हरलीच तर त्याच रात्री विमानाचे तिकीट बदलायचे की दुहेरीसाठी दोन दिवस थांबायचे याचा हिशेब मांडायचा. प्रशिक्षक बरोबर असेल तर हा सारा खर्च दुप्पट होतो. म्हणून बहुतेक जणी प्रशिक्षकाशिवाय हिंडतात. महासंघाच्याच २०१३ सालच्या पाहणीनुसार प्रशिक्षकाचा खर्च धरला नाही तरी महिला खेळाडूचा वर्षाचा सरासरी खर्च ४०,१८० डॉलर होता आणि खर्च भागण्याइतके उत्पन्न साधारण २५३ व्या क्रमांकापर्यंतच मिळत होते. जगातली अडीचशेवी वकील, अडीचशेवी शल्यविशारद किंवा अडीचशेवी गायिका दारिद्र्याच्या काठावर असेल अशी कल्पनाही आपण करत नाही.

तळाच्या या स्पर्धांतून कोणालाच पैसा मिळत नाही असे मात्र नाही. त्यांचे थेट गुणफलक सट्टेबाजीच्या कंपन्यांपर्यंत पोहोचवण्याचे हक्क महासंघाने स्पोर्टरडार या कंपनीला विकले होते. २०१६ पासूनच्या पाच वर्षांसाठी तो करार सुमारे सात कोटी डॉलरचा होता. रिकाम्या कोर्टवर दीडशे डॉलरसाठी खेळणाऱ्या मुलीच्या प्रत्येक गुणावर दूर कुठेतरी कोणीतरी पैसे लावलेले असतात. टेनिसच्या सचोटीची चौकशी करणाऱ्या स्वतंत्र समितीने २०१८ मध्ये हेच बोट ठेवून दाखवले: नाममात्र व्यावसायिक म्हणवणारे खेळाडू पंधरा हजारांच्या घरात आणि खर्च भागवू शकणारे अवघे अडीचशे ते साडेतीनशे, ही रचनाच गैरव्यवहाराला निमंत्रण देते. सर्वांत खालच्या स्पर्धांची थेट माहिती विकणे थांबवा, अशी शिफारसही समितीने केली होती. सट्ट्याची दुसरी किंमत खेळाडूंच्या मोबाइलवर मोजली जाते. महिला संघटना आणि महासंघ यांनी मिळून प्रसिद्ध केलेल्या आकडेवारीनुसार २०२४ या वर्षात ४५८ खेळाडूंना उद्देशून सुमारे आठ हजार शिवीगाळीचे किंवा धमकीचे संदेश समाजमाध्यमांवर आढळले आणि त्यांतले ४० टक्के पैसे हरलेल्या सट्टेबाजांचे होते. सामना हरल्यावर मुलीच्या आईवडिलांना मरणाच्या धमक्या येतात आणि दुसऱ्या दिवशी तिने सरावाला उभे राहायचे असते. ज्या उत्पन्नातून ही विषवल्ली वाढते त्यात तिचा वाटा किती, हे कोणी तरी एकदा जाहीरपणे विचारायला हवे.

जन्मस्थानाचा मुद्दाही येथेच घ्यायला हवा. २०२५ च्या फ्रेंच ओपनमध्ये ३६१ व्या क्रमांकाची लोइस बुआसाँ उपान्त्य फेरीत पोहोचली आणि तिने ६ लाख ९० हजार युरो मिळवले. आदल्या वर्षी याच स्पर्धेच्या आठवडाभर आधी तिच्या गुडघ्यातले अस्थिबंध फाटले होते, त्यामुळे ही कहाणी साहजिकच सर्वांना भावली. तिचा खेळ खरोखरच त्या पातळीचा होता, यात शंका नाही. पण तिच्यासाठी दार उघडले ते वाइल्ड कार्डाने, आणि ते तिला दोन्ही वर्षी मिळाले कारण ती फ्रेंच आहे. ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, ब्रिटन आणि अमेरिका या चार देशांच्या टेनिस संस्था ग्रँड स्लॅम भरवतात. त्यांच्या उत्पन्नातून त्यांच्या मुलींची प्रशिक्षणकेंद्रे, प्रशिक्षक आणि प्रवास चालतो, आणि वर वाइल्ड कार्डेही प्रामुख्याने त्यांच्यातच वाटली जातात. इतर देशांतल्या ३६१ व्या क्रमांकाच्या किती बुआसाँ पॅरिसच्या फाटकाबाहेरच राहिल्या, हे आपल्याला कधी कळणार नाही. फिलिपिन्सची अलेक्झांड्रा ईला २०२५ च्या मार्चमध्ये मायामीत वाइल्ड कार्डावर उतरली आणि इगा श्विआँतेकला हरवून उपान्त्य फेरीत गेली, हे खरे. पण ती लहान वयातच स्पेनमधल्या राफाएल नदालच्या अकादमीत दाखल झाली होती. गुणवत्ता तिचीच, परंतु ती दिसण्यासाठी आधी घर सोडून युरोपात जावे लागले.

कारकीर्द टिकवण्यात खेळाच्या व्यवस्थेचा वाटा किती असू शकतो, याचा सर्वांत भक्कम पुरावा वयाच्या नियमात आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. ट्रेसी ऑस्टिनने १९७९ मध्ये सोळाव्या वर्षी अमेरिकन ओपन जिंकली आणि विशीच्या सुरुवातीलाच पाठीच्या दुखण्याने ती जवळजवळ संपली. अँड्रिया येगरचेही तसेच झाले. जेनिफर काप्रियाती १९९० च्या मार्चमध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, सोळाव्या वर्षी ऑलिंपिकचे सुवर्णपदक जिंकली आणि अठराव्या वर्षी पोलिसांनी काढलेले तिचे छायाचित्र जगभर छापले गेले. त्यानंतर संघटनेने १९९५ पासून नियम केला: चौदा वर्षांखालच्या मुलीने व्यावसायिक स्पर्धा खेळायची नाही आणि अठरा वर्षांची होईपर्यंत वर्षातल्या स्पर्धांची संख्या मर्यादित राहील. तेव्हा विरोध झाला तो ओळखीच्या शब्दांत झाला. हे स्वातंत्र्यावर बंधन आहे, गुणी मुलीला अडवणे आहे, बाजाराला त्याचे काम करू द्या. पुढच्या दशकभराच्या पाहणीत मात्र बाविशीच्या आत खेळ सोडणाऱ्यांचे प्रमाण घटलेले आणि कारकिर्दी लांबलेल्या दिसल्या. हिंगिससारख्या अपवादांना हा नियम वाचवू शकला नाही. १९९७ मध्ये सोळाव्या वर्षी पहिल्या क्रमांकावर गेलेली मार्टिना हिंगिस घोट्याच्या दुखण्याने बाविसाव्या वर्षी निवृत्त झाली होती. तिला पुढे दुहेरीने दुसरे आयुष्य दिले. तरी एकंदरीत हा नियम यशस्वी ठरला, आणि तो यशस्वी ठरला कारण काप्रियातीच्या वडिलांचा मोह आणि मुलीचा संयम यांच्यावर सर्व सोडून न देता व्यवस्थेने जबाबदारी स्वतःकडे घेतली.

मातृत्वाबाबत हेच घडायला आणखी जवळजवळ पाव शतक लागले. इव्होन गुलागाँगने १९८० मध्ये आई झाल्यावर विंबल्डन जिंकली. किम क्लायस्टर्स २००९ मध्ये वाइल्ड कार्डावर अमेरिकन ओपनमध्ये आली तेव्हा तिला क्रमवारीत स्थानच नव्हते, आणि ती स्पर्धा जिंकून मुलीला घेऊन कोर्टवर उभी राहिली. या दोन छायाचित्रांनी जगाला आनंद दिला, पण नियम बदलले नाहीत. सेरेना विल्यम्स पहिल्या क्रमांकाच्या आसपास असताना बाळंतपणासाठी बाहेर गेली आणि २०१८ मध्ये परतली तेव्हा साडेचारशेच्या पुढे होती. फ्रेंच ओपनने तिला मानांकन, म्हणजे सुरुवातीच्या फेऱ्यांत इतर आघाडीच्या खेळाडूंशी गाठ टाळणारे स्थान, दिले नाही. त्यावर गदारोळ झाला तेव्हा कुठे त्या वर्षअखेर संघटनेने बाळाच्या जन्मानंतर तीन वर्षांपर्यंत जुन्या क्रमवारीवर बारा स्पर्धांत प्रवेश देण्याचा नियम केला. सर्वांत नावाजलेल्या आईला झळ पोहोचेपर्यंत बाकीच्या आयांची अडचण कोणाला अडचण वाटली नव्हती. २०२५ च्या मार्चमध्ये प्रसूतीनिधी आला. बारा महिन्यांपर्यंत भरपगारी रजा, ३२० हून अधिक खेळाडू पात्र, आणि अपत्यप्राप्तीच्या उपचारांसाठीही मदत. स्वतंत्र कंत्राटदार असलेल्या स्त्री खेळाडूंना असे काही मिळणे ही खरोखर मोठी गोष्ट आहे, आणि त्यासाठी व्हिक्टोरिया अझारेंकासारख्या खेळाडूंनी केलेल्या पाठपुराव्याचे मोल मानायला हवे. पण त्याचा पैसा सौदी निधीचा आहे. उद्या तो करार संपला तर गर्भार खेळाडूच्या रजेचे काय, या प्रश्नाचे उत्तर संघटनेच्या घटनेत असायला हवे. ते सध्या प्रायोजकाच्या मर्जीत आहे.

दुखापतीचा हिशेब तर याहून निष्ठुर आहे. सानिया मिर्झा २००७ मध्ये एकेरीत २७ व्या स्थानी पोहोचली. मनगट आणि गुडघे यांच्या शस्त्रक्रियांनंतर २०१३ मध्ये तिने एकेरी सोडून दुहेरीवर लक्ष केंद्रित केले आणि २०१५ मध्ये ती दुहेरीत जगात पहिली झाली. हे यशच आहे, पण ते किती स्वस्तात मोजले जाते पाहा: २०२५ च्या अमेरिकन ओपनमध्ये एकेरीच्या विजेतीला ५० लाख डॉलर मिळाले आणि महिला दुहेरीच्या विजेत्या जोडीला मिळून १० लाख. शरीर मोडल्यावर दुहेरीकडे वळणे हा मार्ग हिंगिस आणि मिर्झा यांच्यासारख्या असामान्य हातांनाच खुला असतो. सोडून जाण्याची चैनही मोजक्यांचीच. जुस्तिन एना २००८ मध्ये आणि बार्टी २०२२ मध्ये, दोघीही पहिल्या क्रमांकावर असताना, पंचविसाव्या वर्षी थांबल्या, कारण त्यांना थांबणे परवडत होते. दोनशेव्या क्रमांकाच्या खेळाडूला खेळत राहणे परवडत नाही आणि शिक्षण अर्धवट टाकून एवढी वर्षे घातल्यावर थांबणेही परवडत नाही.

माझ्या म्हणण्यावर येणारा मुख्य आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो पोकळ नाही. एकेरी टेनिस हा एकट्याने जिंकण्याचा आणि एकट्याने हरण्याचा खेळ आहे. हरल्यावरही पैसे मिळायचे ठरले तर जिंकण्याची भूक मरेल, असे अनेक माजी खेळाडूही मानतात. भुकेचे हे तत्त्वज्ञान पोट भरलेल्यांच्या तोंडी विशेष शोभते, एवढे बोलून मी ते सोडून देऊ शकलो असतो. पण नीट उत्तर द्यायचे तर पुरुषांच्या संघटनेकडे पाहावे. तिने २०२४ पासून किमान उत्पन्नाची हमी सुरू केली: पहिल्या शंभरांना वर्षाला ३ लाख डॉलर, १०१ ते १७५ क्रमांकाच्या खेळाडूंना दीड लाख, १७६ ते २५० पर्यंत ७५ हजार. बक्षिसांतून तेवढे जमले नाहीत तर उरलेली रक्कम संघटना भरते. त्यामुळे पुरुष टेनिसमधली चुरस आटली असे कोणी म्हणत नाही. ही योजना जाहीर झाली तेव्हा महिलांच्या बाजूला तिच्या तोडीचे काहीच नव्हते. म्हणजे ग्रँड स्लॅमच्या विजेत्यांमध्ये समता आली खरी, पण दोनशेव्या पुरुषाच्या पायाखाली फळी घातली गेली आणि दोनशेव्या स्त्रीच्या पायाखाली नाही. समतेचा झगडा ज्या ठिकाणी सरकायला हवा होता ते ठिकाण हे आहे.

महिला संघटनेकडे पुरुषांच्या संघटनेइतका पैसा नाही, हेही खरे. नियमित दौऱ्यावरच्या स्पर्धांत समान रक्कम देण्यासाठी तिने २०२३ मध्ये जो आराखडा मांडला, तोच काही स्पर्धांसाठी २०२७ आणि काहींसाठी २०३३ पर्यंत लांबतो. म्हणूनच बोट ग्रँड स्लॅमकडे दाखवावे लागते. तिथे स्त्रिया आणि पुरुष एकाच तिकिटावर, एकाच प्रक्षेपणहक्कात खेळतात. तिथले उत्पन्न कोणामुळे आले हे वेगळे काढताच येत नाही. २०२५ च्या वसंतात आघाडीच्या स्त्री-पुरुष खेळाडूंनी चारही स्पर्धांना पत्र लिहून उत्पन्नातला वाटा वाढवण्याची आणि निवृत्तिवेतन, आरोग्य व प्रसूती यांसाठीच्या निधीत भर घालण्याची मागणी केली. त्याच मार्चमध्ये खेळाडूंच्या एका संघटनेने न्यूयॉर्कच्या न्यायालयात टेनिसच्या नियामक संस्थांविरुद्ध दावा दाखल केला. या दोन्हींत वाटा वाढवण्याच्या मागणीवरच साऱ्यांची नजर खिळली आणि निधीची मागणी मागे पडली. माझ्या दृष्टीने निधीची मागणीच मोठी आहे.

आकडा मांडून पाहू. क्रमवारीत १०१ ते २५० या जागांवर दीडशे स्त्रिया असतात. त्या प्रत्येकीला वर्षाला पूर्ण एक लाख डॉलर द्यायचे ठरवले, म्हणजे त्यांची स्वतःची कमाई शून्य धरली, तरी खर्च दीड कोटी डॉलर होतो. प्रत्यक्षात फक्त कमाईतली तूट भरायची असल्याने तो यापेक्षा बराच कमी होईल. चार ग्रँड स्लॅममध्ये विभागला तर प्रत्येक स्पर्धेच्या वाट्याला जास्तीत जास्त साडेसदतीस लाख डॉलर येतात. २०२५ च्या अमेरिकन ओपनची एकूण बक्षीस रक्कम नऊ कोटी डॉलर होती. अट एकच असावी: ही तरतूद कोणा प्रायोजकाच्या करारात न राहता चारही स्पर्धांच्या नियमावलीत लिहिली जावी, म्हणजे प्रायोजक बदलला, अध्यक्ष बदलला किंवा एखादे वर्ष तोट्याचे गेले, तरी ती काढून टाकण्यासाठी उघडपणे ठराव करावा लागेल आणि त्या ठरावाखाली कोणाला तरी आपले नाव लिहावे लागेल.